दीड किलोची तूट

१

गोणी जागेवर होती, तोंड शिवलेलं होतं, नेत्राच्या अक्षरातलं लेबलही वर होतं. फक्त आत जे होतं ते तिचं नव्हतं.

"मावशी, वास घे," असं म्हणून तिने मूठभर कॉफी माझ्या नाकाखाली धरली.

मी घेतला. तागाचा वास आला. बाकी काही नाही.

"बघ! मेल्यासारखी झालीय. या कॉफीला फणसाचा वास होता गं. पिकलेला फणस, काकवी आणि मागून जरा वाइनसारखं. त्या वासावर तर बंगळुरूला पहिला नंबर आला!" 

मी क्रांती. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. व्यापाऱ्यांच्या पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं काढता काढता केस पांढरे झाले. लोक म्हणतात, रिटायर होऊन बाई बोर्ली पंचतनला बसली. बसणं मला जमत नाही, तो भाग वेगळा. नेत्राची आई कमळ माझी लहानपणची मैत्रीण. ती जाऊन नऊ वर्षं झाली आणि तेव्हापासून त्या घरात काही खुट्ट झालं की फोन मलाच येतो.

यांची वाडी सुपारीची. नेत्राने सुपारीच्या सावलीत कॉफी लावली तेव्हा अख्खा गाव हसला होता. कॉफी डोंगरावर होते म्हणे, समुद्राला लागून कसली कॉफी! पण पोरगी जिद्दीची. फवारणी नाही, रासायनिक खत नाही, फळाची सालं खताला आणि धुण्याचं पाणी सुपारीला. यंदा तिने एक नवीनच उद्योग केला. फळाची साल काढून चिकट गरासकट बिया सात दिवस बंद पिंपात आंबवल्या आणि न धुता तशाच वाळवल्या. दरवर्षी ती कॉफी धुऊनच वाळवायची. यंदाच्या या चिकट कॉफीने बक्षीस आणलं.

स्पर्धेचा नियम असा, की नमुन्यामागचा सगळा माल घरी जपून ठेवायचा. मग त्यांचा माणूस येणार, स्वतः माल काढून नमुन्याशी ताडून बघणार. जुळला तर पदक. नाही जुळला तर नाव रद्द.

"उद्या दुपारी ती बाई फेरीबोटीने दिघीला उतरतेय," नेत्रा म्हणाली. "तोवर माझी कॉफी सापडली नाही तर सगळीकडे होणार की नमुना एक दाखवला आणि माल दुसराच निघाला. मी लबाड ठरेन, मावशी."

नेत्रा बक्षीस समारंभाला गेली ती तिकडच्या चार बागा बघून नवव्या दिवशी परतली. गोणी माजघराच्या माळ्यावर होती, कारण खाऱ्या हवेत तेवढीच एक कोरडी जागा. आज सकाळी थोडी भाजून बघावी म्हणून तिने शिवण उसवली, तेव्हा हे दिसलं.

"तू नव्हतीस तेव्हा घरात कोण होतं?"

"दादा. मी त्यांना बजावूनच गेले होते, रोज गोणीखालीच झोपा म्हणून."

दादा म्हणजे तिचे वडील, दिनानाथ.

मी दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही. घरून माझा ताणकाटा आणला आणि गोणी टांगली. लेबलावर चाळीस किलो होतं. काट्यावर साडेअडतीस आलं. पुन्हा टांगली. साडेअडतीसच!

२

नेत्राचा मोठा भाऊ परेश तोवर काशीदहून येऊन थडकला. तिथे त्याच्या पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. हेल्मेट काढायच्या आधीच त्याने निकाल देऊन टाकलेला.

"मावशी, शोधायचंय काय त्यात? ही गाठ बघ." त्याने शिवणीचा उसवलेला दोरा माझ्यापुढे नाचवला. "जाळं विणणाऱ्यांची गाठ. आपल्या घरात ही कुणाला येते?"

येत होती एकीलाच. भागुबाईला. भरडखोलची कोळीण, सहा वर्षं या वाडीत कॉफी वाळवायला येते. बांबूंवर जाळी ताणून कॉफी वाळवायची युक्ती तिचीच. तिच्या मते बोंबील काय नि कॉफी काय, खालून वारा लागला पाहिजे.

"ती गोणी तिनेच शिवली होती रे, पहिल्या दिवशी," नेत्रा म्हणाली.

"हिरव्या दोऱ्याने," मी म्हटलं. गोणीच्या काठाला हिरवा तुकडा अजून अडकलेला होता. परेशच्या हातातला दोरा निळा होता.

भागुबाई मागच्या अंगणात जाळ्या झाडत होती. मी आडून बोलत नाही. दोरा तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "ही शिवण तुमची?"

"व्हय. माझीच."

"दुसऱ्यांदा शिवलीत?"

"व्हय. दुसऱ्यांदा."

परेशने टाळीच वाजवली. नेत्राचा चेहरा पांढराफटक पडला.

"तेव्हा आत काय होतं, भागुबाई?"

"कॉफी."

"कोणाची?"

"या घरचीच. दुसऱ्या कुणाची असणार?" तिने झाडू खाली ठेवला. "बाय, देवळात चला. नारलावर हात ठेवते. या घरचा एक दाणा मी भायेर नेला न्हाय."

"मग परत शिवायला सांगितलं कुणी?"

ती विहिरीकडे बघत राहिली. मी तीन वेळा विचारलं, आवाज चढवून विचारलं. व्यापारी माझ्या या आवाजाला घाबरायचे. भागुबाई नाही घाबरली. तिने पदर खोचला आणि पुन्हा झाडू उचलला.

"ठीक आहे," परेश म्हणाला. "उद्या ती बाई यायच्या आत खरं सांग, नाहीतर या वाडीत पाय ठेवू नको. आणि गावालाही कळू दे का ते."

भागुबाईचे डोळे भरले. तरी तोंड उघडलं नाही. आता मला राग आला, आणि खरं सांगते, तो परेशपेक्षा तिच्यावर जास्त आला. खरं माहीत असून गप्प बसणारी माणसं मला सहन होत नाहीत.

३

दिनूदादा सुपारीच्या ओळींमधून येरझारा घालत होता. तोंडात लवंग. मला बघून थांबला, परत चालू लागला. मी मागे मागे.

"अरे, उभा राहा ना जरा!"

"पालखी येतेय चार दिवसांत. वाट झाडायची हाय, दिवे बघायचेत." हातात झाडू नव्हता की दिवा नव्हता.

शिमग्याच्या पालखीला त्याचा खांदा असतो. सात वर्षांपूर्वी त्याच पालखीपुढे नारळ ठेवून त्याने दारू सोडली. त्याआधीचा दिनानाथ मी पाहिलाय. बोर्लीच्या स्टँडवरून त्याला मी स्वतः उचलून आणलंय, दोनदा. कमळ गेली त्या दिवशीही तो शुद्धीवर नव्हता. हे मी त्याला कधी माफ केलं नाही आणि त्यानेही स्वतःला केलेलं नाही. पण सात वर्षं थेंबाला शिवला नाही, हेही तितकंच खरं.

"गोणी तुझ्या डोक्यावर होती, दिनूदादा. कुणी आलं, उतरवली, उसवली, भरली, शिवली, परत चढवली. तुला जाग नाही आली?"

"गाढ झोप लागली असंल."

"तुला? दारू सोडल्यापासून मांजर चाललं तरी उठून बसतोस म्हणून कमळच्या फोटोपुढे रडतोस ना? मला नको शिकवू."

त्याने खिसा चाचपला. दुसरी लवंग तोंडात टाकली. मग हळूच म्हणाला, "सोड ना, क्रांते. बक्षीस काय, आज हाय उद्या न्हाय."

"पोरीची अब्रू जातेय उद्या!"

"ठाव हाय मना!" तो एवढ्या जोरात ओरडला की वरचे कावळे उडाले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि त्या भागुबाईला कायबी बोलू नका. तिचा दोष न्हाय."

"तुला कसं माहीत?"

तो चालायला लागला होता.

घरी येऊन मी नेत्राला विचारलं, "दादा नेहमी माजघरातच झोपतात?"

"नेहमी तिथेच. फक्त गोणी माळ्यावर चढवली तेव्हापासून पंपाच्या खोलीत झोपायचे, घरात उकडतं म्हणून. आता परत आत झोपतात."

उकाडा काय फेब्रुवारीत जास्त आणि मार्चात कमी असतो?

४

दुसरी कॉफी आली कुठून, हा प्रश्न उरतच होता. नेत्राची गेल्या वर्षीची साधी, धुतलेली कॉफी पंचक्रोशीत एकाकडेच शिल्लक होती. बोर्लीचा सुपारीवाला विनेश. मी तडक त्याच्या गोदामात.

"या मॅडम, या. आता काटा तपासायला आलात की चहाला?" विनेशची जीभ जुनीच.

"तुझ्याकडची नेत्राची कॉफी दाखव."

"बघा की. तीन गोण्या घेतल्या, तीनही पडून आहेत. इथे कोण पितंय कॉफी?" त्याने धुळीने माखलेल्या गोण्या दाखवल्या. शिवणी जुन्या, त्यांच्यावर कोळिष्टकं. मी एक उसवायला लावली आणि मूठभर दाणे घेतले. माझ्या पिशवीतले नेत्राच्या गोणीतले दाणे शेजारी ठेवले.

"हा माझा माल नाही," विनेश लगेच म्हणाला.

"कशावरून?"

"अहो, सुपारीत आयुष्य गेलं माझं, दाणा बघायला शिकवू नका. दाण्याच्या पोटावरची रेघ बघा. माझ्या मालाची स्वच्छ आहे. नेत्रा आख्खा दिवस पाण्यात ठेवून चोळून धुते. तुमच्या दाण्याच्या रेघेत तपकिरी काहीतरी सुकून बसलंय."

मी चष्मा चढवला. खरंच होतं. नखाने उकरलं. चिकट. जिभेला लावलं. गोड!

"काय झालं मॅडम?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मी म्हटलं आणि चहा न घेताच निघाले.

रात्रभर डोळा लागला नाही. काय घडलं ते कळलं होतं. का, ते कळत होतं आणि ते कळू नये असं वाटत होतं.

५

सकाळी उठून आधी विहिरीवर गेले. कॉफी धुवायची सिमेंटची टाकी कोरडी होती, पण तिचं पाणी जिथे उतरतं त्या सुपारीच्या आळ्यात लाल मुंग्यांची रीघ लागली होती. नेत्राच्या म्हणण्याप्रमाणे यंदाचं धुणं जानेवारीतच आटोपलं होतं. जानेवारीच्या गोडव्याला मुंग्या मार्चपर्यंत थांबत नाहीत.

साडेबाराला रिक्षा दारात आली. स्पर्धेची ती बाई, अमिषा, उतरली. मुंबईची, तिशीतली, हातात पेटी आणि डोक्यावर टोपी. "काय सुंदर वाडी आहे हो!" म्हणत ओसरीवर आली आणि आमचे चेहरे बघून तिने टोपी काढली.

"मॅडम, पाच मिनिटं," मी म्हटलं. "तुमच्या कामाचंच बोलते."

नेत्रा खांबाला टेकून उभी होती. परेश, भागुबाई आणि दाराच्या चौकटीत दिनूदादा. बसलेलं कुणीच नव्हतं.

"ही गोणी बदललेली नाही," मी सुरुवात केली. "बदलणारा चोर वजन जुळवतो, लोकहो. आयुष्य गेलं माझं यात. चाळीस काढले तर चाळीस भरतो, फार तर वर मूठभर टाकतो, म्हणजे संशय नको. दीड किलोची तूट ठेवून शिवण घालणारा चोर मी पाहिला नाही. म्हणजे कुणी काढलं काही नाही आणि भरलंही काही नाही. मग दीड किलो गेलं कुठे? दाण्यावर सुकलेल्या गराचं वजन होतं ते. गेलं पाण्यात. रेघेत अडकलेला गर अजून तिथेच आहे, आणि मुंग्या टाकीखाली आहेत. नेत्रा, ही तुझीच कॉफी आहे. कुणीतरी ती धुतली, वाळवली आणि परत भरून ठेवली."

"धुतली?" नेत्रा खांबापासून पुढे आली. "वाळलेली कॉफी... परत पाण्यात?"

"म्हणजे भागुबाईनेच!" परेश उसळला. "जळत असणार मनातून. म्हणून सगळं वाटोळं केलं!"

नेत्राने भागुबाईकडे पाहिलं. सहा वर्षं तिच्या डब्यातलं खाल्लेली पोरगी, पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांत आग होती. "का, भागुबाई? मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

भागुबाई मान खाली घालून उभी. मी ओठ चावून थांबले होते. नाव माझ्या जिभेवर होतं, पण ते माझ्या तोंडून निघावं असं मला वाटत नव्हतं. मी चौकटीकडे बघत राहिले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, आणि तो माणूस सात वर्षं शहाणाच होता.

"मी धुतली," दिनानाथ म्हणाला.

६

 दिनूदादा बाहेर आला, लवंग थुंकली आणि पहिल्यांदा स्थिर उभा राहिला.

"त्या वासाला तुम्ही फणस म्हणता. मना तो दारूचा यायचा. पहिल्या धारेचा. गोणी माळ्यावर आली तशी मी पंपाच्या खोलीत गेलो. मग तू म्हणालीस, दादा, गोणीखालीच झोपा." तो नेत्राकडे बघत नव्हता. "दोन राती काढल्या. तिसऱ्या दिवशी सांजच्याला बोर्लीच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. हातात नोट. आत गेलो न्हाय. परत आलो, सकाळ झाल्यावर गोणी उतरवली आणि टाकीत ओतली. म्हटलं, दरवर्षी आपण धूतच आलोय की. वास तेवढा जाईल, कॉफी तर कॉफीच ऱ्हाईल."

"अर्धी धुऊन झाली हुती तवा मी आले," भागुबाई म्हणाली. "रडत हुता. म्हटलं, आता भिजलीच हाय तर कुजू नको दे. चार दिवस जाळीवर घातली नि शिवली. माझा घोव दारूनंच गेला, बाय. मी कुणाचं नाव सांगणार?"

परेश खाली बघत हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला.

"मना सांगायचं ना, दादा," नेत्रा म्हणाली. रागावली की ती शाळेतलं सगळं विसरून बापासारखी बोलते. "गोणी मी भागुबाईकडं ठेवली असती. पंचायतीत ठेवली असती. कुठंपण!"

"तुझं बक्षीस हुतं ते, पोरी. आईच्या माघारी तू पहिल्यांदा एवढी हसलीस. त्याच्या वासानं बापाच्या तोंडाला पाणी सुटतंय, हे कुठल्या तोंडानं सांगू तुला?"

नेत्रा रडायला लागली. अडवायला कुणी पुढे गेलं नाही. मीही नाही, कारण माझ्याच डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

अमिषाने पेटी उघडली, दाणे हातात घेतले, वास घेतला. "सॉरी," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं. "हे जुळणार नाही. मला फॉर्ममध्ये कारण लिहावं लागेल, नाहीतर ते माल बदलला असंच धरतील."

नेत्राने डोळे पुसले. "लिहा, माझ्या हातून चुकून भिजली."

"खोटं नको," दिनूदादा म्हणाला. "लिवा, बापानं धुतली. दारूडा हुता, वास सोसला न्हाय. दिनानाथ नाव. सही मी करतो."

"दादा, गावभर होईल," परेश पुटपुटला.

"भागुबाईचं झालं असतं, ते चाललं असतं तुला?" दिनूदादाने विचारलं.

अमिषाने तसं लिहिलं. दारूडा हा शब्द तेवढा लिहिला नाही. पदक गेलं, पण लबाडीचा शिक्का बसला नाही. दिनूदादाने मोठ्या अक्षरात सही केली. साडेतीनच्या बोटीला अमिषा गेली. परेशने भागुबाईची माफी मागितली, ती तिने झाडू मारता मारताच ऐकून घेतली.

मी काटा पिशवीत भरत होते तेव्हा नेत्रा मागच्या पडवीत गेली. शेवटच्या तोडणीच्या कॉफीचं एक पिंप तिथे आंबत होतं. तिने ते आडवं केलं आणि ढकलत अंगणात आणलं. भागुबाईने दुसरीकडून हात लावला.

"दादा," नेत्राने हाक मारली, "मी हे सोडणार नाहीय. पुढच्या वर्षीही अशीच करणार."

"कर की. मी कुठं नको म्हटलं?"

"मग सांगा, ठेवू कुठे. तुम्हाला वास येणार नाही इतकं लांब सांगा."

त्याने पायात चपला सरकवल्या. मग वाडीच्या वाटेला लागला, आणि त्या दोघी पिंप ढकलत मागे. विहिरीपाशी नेत्रा थांबली.

"इथे?"

त्याने नाक वर केलं, डोळे मिटले. "न्हाय. अजून पुढं."

सुपारीची शेवटची ओळ आली. "इथे, दादा?"

"अजून."

"बरं," ती म्हणाली आणि पिंपाला परत हात लावला.